तोंडात धरलेली शिट्टी

शिट्टी कोणीही वाजवतो. जत्रेतून आणलेली पत्र्याची शिट्टी आमचा नातू सकाळपासून वाजवतो आहे, आणि परवा इथल्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा सामना पाहिला, त्यातले पंच त्याच्याहून फार वेगळं काही करत नव्हते. दोन पोरं एकमेकांजवळ गेली की फुर्र. चेंडू कोणाच्या पायाला लागला की फुर्र. शेवटी न राहवून मी खुर्चीवरून उठलो आणि त्यातल्या एकाला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा रे, मघाशी फ्री थ्रोच्या वेळी शिट्टी का वाजवलीस?" तो म्हणाला, "काका, समोरच्या संघाचा मुलगा आत आला ना." मी म्हटलं, "आला, मलाही दिसला. पण चेंडू टाकणाऱ्याच्या हातातून अजून सुटायचा होता." तो माझ्याकडे बघून हसला आणि पाणी प्यायला गेला. मी घरी आलो तो जेवलोच नाही. बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं झाली. अजून काय?" अंकासाठी लेख द्या म्हणून संपादक मागे लागलेच आहेत, तर ते 'अजून काय' एकदा लिहूनच टाकतो.

मी नंदुरबारला ड्रिलमास्तर होतो. तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात, आणि साहेब म्हणून जो कोणी यायचा तो धुळ्याहून यायचा. ड्रिलमास्तर म्हणजे शाळेतला सर्वांत बिनमहत्त्वाचा मास्तर. गणिताचा मास्तर आजारी पडला की त्याचा तास आम्ही घ्यायचा, आम्ही आजारी पडलो की पोरं खूश. मुंबईला ड्रिलचं शिक्षण घेताना मला बास्केटबॉलची गोडी लागली आणि पंचाचं कामही तिथेच शिकलो. गावात परत आलो तेव्हा हा खेळ कोणाला ठाऊक नव्हता. लोहाराकडून रिंगा करून घेतल्या, सुताराकडून फळ्या ठोकून घेतल्या, आणि आमचा शिपाई दगडू चुन्याच्या रेघा मारायला शिकला. दगडूच्या रेघा माझ्यापेक्षा सरळ यायच्या, हे आता सांगायला हरकत नाही.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एखाद्याला धक्का मारला, हात धरला, की तो गुन्हा. गुन्ह्याची भरपाई म्हणून ज्याला धक्का लागला त्याला रेघेवर उभं करतात आणि चेंडू त्याच्या हातात देतात. त्याने निवांत नेम धरून रिंगेत टाकायचा. कोणी अडवायचं नाही, कोणी हात वर करायचा नाही. हा फ्री थ्रो. आत गेला तर एक गुण. टाकणाऱ्याच्या पुढे चुन्याच्या दोन रेघांमध्ये एक गल्ली असते. बाकीचे खेळाडू त्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात, कारण चेंडू हुकला तर तो झेलायला सगळ्यांनाच उडी मारायची असते. पण चेंडू रिंगेला किंवा फळीला लागेपर्यंत गल्लीत पाऊल टाकायचं नाही. टाकणाऱ्यानेही रेघ ओलांडायची नाही, आणि दहा सेकंदांच्या आत चेंडू टाकायचा. एवढंच. वाचायला सोपं आहे. पण भुकेल्या पोरांना पंगतीत बसवून 'श्लोक होईपर्यंत हात लावू नका' म्हणून बघा, म्हणजे पंचाचं काम कळेल.

आता खरी गोम ऐका. टाकणाऱ्याच्याच बाजूचा कोणी आधी आत घुसला, तर शिट्टी लगेच वाजवायची, तो टाका बाद. टाका म्हणजे तो एक फ्री थ्रो, आमच्याकडे त्याला टाकाच म्हणायचे. पण समोरच्या बाजूचा घुसला, तर शिट्टी वाजवायची नाही. हात वर करायचा, शिट्टी ओठांत धरायची, श्वास रोखायचा आणि चेंडूकडे बघत राहायचं. चेंडू आत गेला तर गुण द्यायचा आणि घुसणाऱ्याचा विषय संपला. हुकला तर मग शिट्टी, आणि पुन्हा टाकायची संधी. का? कारण आधी शिट्टी वाजली की खेळ तिथेच थांबला. मग चेंडू आत गेला तरी तो गेलाच नाही. म्हणजे गुन्हा करणाऱ्याचा फायदा, आणि ज्याचा गुन्हा झाला त्याच्या हातात पुन्हा चेंडू देऊन 'टाक आता परत' म्हणायचं. माझ्यासारख्या तापट माणसाला श्वास रोखणं सोपं नव्हतं. नियम मोडलेला दिसला की माझं डोकं फिरतं. पण त्या एका श्वासापुरतं मी स्वतःला धरायला शिकलो. आयुष्यात दुसरीकडे कुठे मला ते जमलं नाही, बायकोला विचारा.

गिऱ्हाइकं तर एकेक अशी भेटली. सोनारांचा एक पोरगा गल्लीत उभा राहून टाकणाऱ्याला हळूच विचारायचा, "काय रे, तुन्हं लगीन कव्हय शे?" आवाज इतका गोड की टाकणारा उत्तर द्यायला वळायचा. टाकणाऱ्याचं लक्ष उडवणं हाही गुन्हाच. मी हात वर केला की हा पोरगा म्हणायचा, "मास्तर, इचारपूस बी करानी नही का?" एकदा तर प्रमुख पाहुण्यांना गाडी गाठायची घाई झाली, म्हणून ते हार घेऊन थेट गल्लीतून चालत आले. चेंडू हवेत. तो सरळ त्यांच्या पागोट्यावर बसला. खेळाडूंनी काय करू नये ते पुस्तकात होतं, पाहुण्यांनी काय करू नये ते नव्हतं. मी पुन्हा टाकायला दिला. पाहुणे रागावले, हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून झापलं. मी म्हटलं, "साहेब, पाहुण्यांना आधी रेघा समजावून सांगायला हव्या होत्या." त्यावर मला महिनाभर सगळ्या सुट्टीच्या तासांचं काम लागलं.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. आता जे सांगणार आहे ते नाही.

आमच्या भागातल्या संघांनी मिळून एक पद्धत पाडली होती. जो संघ सामने जिंकेल त्याच्या गावी पुढच्या वर्षीचे सामने. ढालबिल काही नव्हतं, हाच मान. आणि जिंकायचं ते नंदुरबारनेच, कारण गावातल्या व्यापाऱ्यांची पोरं पुण्याला शिकायला जायची, तिथे खेळून यायची, आणि सुट्टीत इकडे येऊन सगळ्यांना धूळ चारायची. त्यांचा कप्तान चंपालाल. कापडाच्या पेढीवरचा मुलगा, वकिली शिकत होता, दिसायला देखणा, बोलायला गोड. त्याचा मला राग नाही. तो खेळाडू होता आणि नियमातली फट शोधणं त्याच्या रक्तात होतं.

दुसरा संघ नवापूरकडच्या डोंगरातला. शेती करणारी, हंगाम संपला की लाकूडतोडीच्या मजुरीला जाणारी तरणी माणसं. त्यांतले काही ख्रिस्ती, काही आपले जुने देव मानणारे. मिशनच्या शाळेत हा खेळ शिकले आणि शाळा सुटली तरी खेळ सुटला नाही. त्यांचा कप्तान शिमोन. लग्न झालेला, अंगाने सडपातळ, आणि मराठी बोलायचा ते अगदी पुस्तकातलं, कारण ते त्याने पुस्तकातूनच घेतलं होतं. घरची भाषा वेगळी. वडील गावचे कारभारी. भांडणं तोडायला आसपासच्या पाड्यांवरून त्यांना बोलावणं यायचं.

हा संघ नंदुरबारला आला की काय व्हायचं ते मी लिहिणार आहे, कोणाला राग आला तर येऊ द्या. सगळ्या संघांसाठी पाण्याचा माठ असायचा, त्यावर पेला असायचा. डोंगरातल्या संघाला मात्र पेला नाही. कोणीतरी वरून पाणी ओतायचं आणि त्यांनी ओंजळीने प्यायचं. मी दोनदा हेडमास्तरांशी भांडलो. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही रेघा बघा." शिमोन मला एकदा म्हणाला होता, "मास्तर, एकदा सामने आमच्या गावी होऊ द्या. मग सगळे आमच्याकडे येतील. आमच्या घरचं जेवतील. आमच्या माठातलं पाणी पितील." त्यासाठी त्या लोकांनी पावसाळ्याआधीच टेकडीच्या पोटात जागा सपाट करायला घेतली होती. सागाचे दोन खांब शिमोनने स्वतः उभे केले होते. हे त्याने मला सामन्याच्या दिवशी सकाळी सांगितलं. त्या दिवशी त्याला काय हवं होतं ते मैदानावर माझ्याएवढं कोणाला ठाऊक नव्हतं.

अंतिम सामन्याला आम्ही दोघे पंच. मी खालचा, आणि वरचे पंच धुळ्याहून बोलावलेले एक वकील. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. खेळाच्या नियमांचं पुस्तक त्यांना पाठ होतं, पाठ म्हणजे अक्षरशः. पण धावत्या माणसांमध्ये उभं राहून ते कधी वापरलं नव्हतं. पांढरी पँट, गळ्यात रेशमी दोरीची विलायती शिट्टी. सामन्याआधी मी अदबीने म्हटलं, "रावसाहेब, चंपालाल फ्री थ्रोला आधी आत घुसतो. तेवढं जरा सांभाळून घ्या, शिट्टी धरून ठेवा." ते म्हणाले, "मास्तर, नियम मोडला की शिट्टी. त्यात सांभाळायचं काय?" वरच्याला शिकवायचं नसतं असं आम्हाला शिकवलं होतं.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत चालला. नंदुरबारचं अर्धं गाव जमलं होतं. वेळ संपायला थोडा अवधी असताना रिंगेखाली चंपालालने शिमोनचा हात ओढला. गुन्हा सगळ्यांनी पाहिला. शिमोनला एक फ्री थ्रो. आत गेला की डोंगर एका गुणाने पुढे. रावसाहेब रिंगेखाली उभे राहिले, गल्ली बघायला. मी शिमोनजवळ. त्याच्या हातात चेंडू दिला.

शिमोनने नेम धरला. हात वर गेले. चेंडू अजून बोटांवर होता तेवढ्यात चंपालालने गल्लीत पाऊल टाकलं, आणि टाकलं ते असं की आंधळ्यालाही दिसावं. मी हात वर केला, शिट्टी ओठांत आवळली. आणि रावसाहेबांची शिट्टी वाजली. विलायती शिट्टी, स्टेशनापर्यंत ऐकू गेली असेल. चेंडू बोटांवरून सुटला, वर गेला आणि रिंगेला न शिवता जाळीतून खाली पडला. इतका स्वच्छ टाका मी त्या मैदानावर दुसरा पाहिला नाही.

डोंगरातली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. रावसाहेबांनी दोन्ही हात हलवले. "गुण नाही. शिट्टी आधी वाजली. पण संधी पुन्हा मिळेल. टाकू द्या त्याला परत." आणि गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. रावसाहेब किती दिलदार, पुन्हा संधी देतात. मी धावत त्यांच्याजवळ गेलो. "रावसाहेब, गुन्हा चंपालालचा. तुम्ही थांबला असता तर गुण झाला होता." ते हळू आवाजात म्हणाले, "मी पाहिलं, मी वाजवली. आता वाजवली ती परत गिळू का?" आणि खरं सांगायचं तर ती परत गिळता येत नव्हती. पुस्तकाप्रमाणे आता गुण नव्हता. पुन्हा टाकणं एवढंच होतं.

मी चेंडू घेऊन शिमोनकडे आलो. त्याने हात पुढे केले नाहीत.

"घे," मी म्हटलं. "मघासारखाच टाक. तुझा हात आज बसलेला आहे."

"मास्तर, आत गेला ना?"

"गेला. पण शिट्टी आधी झाली."

"चूक त्यांची. त्यांनी भरायचा दंड मला मिळाला. मी तो घेतला," शिमोन म्हणाला. आवाज शांत होता. "आमच्याकडे दंड हातात घेतला की भांडण तुटलं. तोच दंड पुन्हा मागत नाहीत. पुन्हा मागितला तर पहिला खोटा होता असं आपणच म्हटल्यासारखं होतं."

"अरे, हे तुझं गाव नाही. हा खेळ आहे."

"पहिला खोटा होता का, मास्तर?"

तिकडून रावसाहेब ओरडले, "चेंडू द्या, खोळंबा होतोय." मी आणखी एकदा चेंडू पुढे केला. त्याने घेतला नाही. तेव्हा नियमाप्रमाणे मी तो रेघेवर, त्याच्या पायांपुढे ठेवला आणि मोजायला लागलो. गर्दीतून आवाज यायला लागले. "येडा शे का रे हाऊ?" "टाक ना भो, काय देखी ऱ्हायना?" कडेला उभा असलेला आमचा दगडू एवढा धीट झाला की मैदानात आला आणि मला म्हणाला, "मास्तर, त्यानी त चेंडू टाकी दिधा ना. आते आखो काबर टाकाना?" पुन्हा कशाला टाकायचा, हे विचारणाऱ्याला मी हाकललं. त्याच्यावर ओरडलो तेवढा मी कोणावर ओरडलो नसेन, आणि ओरडायचं होतं दुसऱ्याच माणसावर.

दहा झाले. शिमोन चेंडूकडे न बघता समोर बघत उभा होता. शिट्टी माझ्या ओठांतच होती. मी वाजवली. दहा सेकंदांत टाकला नाही, टाका बाद, चेंडू समोरच्या संघाचा. त्या शिट्टीत नियमाचं काही चुकलं नव्हतं, आणि तिच्याइतकी घाणेरडी शिट्टी मी कधी वाजवली नाही.

पुढचं सांगायला जीव जड होतो. कडेवरून चेंडू चंपालालला मिळाला. डोंगरातले पाचही जण आपापल्या जागी उभे. त्यांच्या लेखी सामना संपला होता, भांडण तुटलं होतं. चंपालाल एकटाच चेंडू आपटत पलीकडच्या रिंगेपर्यंत गेला आणि हळूच आत टाकला. नंदुरबार जिंकलं. पुढच्या वर्षीचे सामने नंदुरबारलाच. संध्याकाळी चंपालाल मला भेटला तेव्हा जरा ओशाळलेला होता. म्हणाला, "मास्तर, गंमत बघा. आत मी घुसलो, शिट्टी माझ्यावर वाजली, आणि फायदाही मलाच झाला. हा नियम कोणी केला?" मी म्हटलं, "नियम बरोबर आहे. वाजवणारा गाढव आहे." तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

शिमोनवरही मी चिडलो होतो. त्या स्वच्छ हाताने दुसराही टाका आत गेला असता. एक टाका, आणि सगळा मुलूख तुझ्या टेकडीवर तुझं पाणी प्यायला आला असता. कशाला हा ताठा? त्यांच्या संघाला स्टेशनावर पोचवायला मी गेलो, पण त्याच्याशी बोललो नाही. गाडी हलताना तो खिडकीतून म्हणाला, "मास्तर, तुम्ही पाहिलंत ना? मग पुरे." मला ते पुरे वाटलं नाही.

उन्हाळ्यात त्याचा निरोप आला, मैदान तयार झालं आहे, बघायला या. सामने येणार नव्हते तरी त्यांनी मैदान पुरं केलं होतं. मी सुरतेच्या गाडीने नवापूरला उतरलो, तिथून बैलगाडी, मग पायी. टेकडीच्या पोटात लिंपून काढल्यासारखी गुळगुळीत जागा. सागाचे खांब, आणि जुन्या गाडीच्या चाकाची लोखंडी पट्टी वाकवून केलेल्या रिंगा. मी गल्लीच्या रेघा पावलांनी मोजून पाहिल्या. बरोबर होत्या. त्या रिकाम्या मैदानात उभं राहून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

मोहाच्या झाडाखाली गावातली माणसं बसली होती. मधे शिमोनचे वडील. त्यांना मराठी येत नव्हतं. ते बोलायचे आणि शिमोन मला सांगायचा. आधी त्यांनी विचारलं, "चेंडू आत गेला होता?"

"गेला होता."

ते सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी मोठ्याने सांगितलं. माणसांनी माना हलवल्या. कोणी जिंकलो म्हणून ओरडलं नाही. मग म्हाताऱ्याने विचारलं, "चूक कोणी केली होती?"

"समोरच्याने."

"मग मधेच शिट्टी का वाजवली?"

मी नियम समजावला. समोरचा चुकला तर पंचाने थांबायचं असतं, चेंडू आत जातो की नाही ते बघायचं असतं. म्हाताऱ्याने विचारलं, "किती वेळ थांबायचं?"

मी म्हटलं, "एक श्वास."

शिमोनने ते सांगितलं. म्हातारा माझ्याकडे वळला. मग काही बोलला. शिमोनला ते मराठीत सांगायला जड जात होतं, तो खाली बघून म्हणाला, "वडील विचारतात, ज्याला एक श्वास थांबता येत नाही, त्याला पंच कोणी केलं?"

म्हाताऱ्याने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला आणि मी तो तोंडाला लावून प्यालो.

पुढच्या सामन्यांचे पंच ठरवायला नंदुरबारला बैठक भरली. सगळ्या संघांची माणसं होती, फक्त डोंगरातलं कोणी नव्हतं, त्यांना कळवायचं राहून गेलं होतं. वरचे पंच म्हणून रावसाहेबांचं नाव पुन्हा आलं आणि टाळ्या झाल्या. रावसाहेब समोरच बसले होते. मी उभा राहिलो आणि म्हाताऱ्याचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. रावसाहेबांनी घड्याळ काढून पाहिलं.

अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, बसा. चहा आलाय, चहा घ्या."

मी चहा घेतला नाही.